संपादन प्रेरणा मोजायची कशी? (नववीचा वर्ग, पन्नास प्रकारची घरं आणि एकच प्रश्नावली)

ओसरी | १४ सप्टेंबर, २१:१०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. माझ्याकडे नववीची मुलं असतात. गुजराती, तेलुगू, डॉमिनिकन, हैतीची, इजिप्तची कॉप्टिक, चिनी, कृष्णवर्णीय अमेरिकन, पोलिश आडनावांची गोरी आणि तीन मराठी. गेल्या वर्षी शाळेने सगळ्यांकडून 'अचिव्हमेंट मोटिव्हेशन'ची (शीर्षकातली संपादन प्रेरणा, म्हणजे काहीतरी मिळवून दाखवायची ओढ) चाळीस वाक्यांची प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक वाक्यापुढे १ ते ५, त्यातल्या एकाला गोल करायचा. मग बेरजा झाल्या, वंशाप्रमाणे सरासऱ्या निघाल्या आणि रंगीत खांबांचा आलेख आला. एशियन खांब सगळ्यात उंच, हिस्पॅनिक सगळ्यात बुटका. मीटिंगमध्ये एकाने त्या बुटक्या खांबाकडे बोट दाखवून म्हटलं, "इथे ड्राइव्हच नाहीये." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तेच टोचतंय अजून.

नंतर मी काही मुलांना बोलावून त्यांचेच कागद त्यांच्यासमोर ठेवले. एक डॉमिनिकन मुलगा, संध्याकाळी मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. 'अवघड काम मी एकट्याने करणं पसंत करतो' या अर्थाच्या वाक्यापुढे त्याने १ ला गोल केला होता. का, म्हणून विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अवघड आहे ना? मग एकट्याने का करायचं? मी काय वेडा आहे?" गुणदानाच्या तक्त्यात मात्र १ म्हणजे प्रेरणा कमी.

आमची एक मराठी मुलगी, वर्गात पहिली-दुसरी असते. तिचा सगळा कागद ३ आणि ४. पाच एकही नाही. म्हणाली, पाच केलं तर शायनिंग मारल्यासारखं होतं, घरी आवडत नाही.

यंदा त्या समितीत मला घातलंय. नवी प्रश्नावली निवडायची, जुनी दुरुस्त करायची, की हे बंदच करा म्हणायचं? इथे शिक्षक आहेत, संख्याशास्त्रवाले आहेत, पालक आहेत. बोला.

खमंग_काकडी | १४ सप्टेंबर, २१:३२

रुमाल टाकून ठेवते. भारी विषय.

पाटीपेन्सिल | १४ सप्टेंबर, २२:०५

शीर्षक वाचून मला वाटलं कुणीतरी दिवाळी अंकाचं संपादन करतंय आणि प्रेरणा कमी पडतेय. (दिवे घ्या.)

बीएडला आम्हाला 'संपादन प्रेरणा' होतं, मानसशास्त्राच्या पुस्तकात 'सिद्धिप्रेरणा'. दोन्ही शब्द परीक्षेनंतर कुणी वापरत नाही. घरी आपण काय म्हणतो? 'जिद्द'. 'करून दाखवायची खुमखुमी'. आणि नसली की 'पोरगं ढिलं आहे'. गंमत म्हणजे 'करून दाखवणं' यात 'दाखवणं' आलंच. म्हणजे बघणारा कुणीतरी हवा.

आकडेमोड्या | १५ सप्टेंबर, ०८:४०

ओसरीताई, मोजायची कल्पना मुळात कुठून आली ते आधी बघू, मग तुमच्या प्रश्नावलीकडे येतो.

१९३८ मध्ये हेन्री मरे यांनी माणसाच्या गरजांची यादी केली, त्यात 'अचिव्हमेंटची गरज' होती. डेव्हिड मॅक्लेलँड आणि जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी ती उचलली. त्यांची रीत प्रश्नावलीची नव्हती. चित्र दाखवायचं, गोष्ट लिहायला सांगायची आणि गोष्टीत काहीतरी उत्तम करून दाखवण्याची धडपड किती दिसते ते मोजायचं. १९५३ मध्ये यावर पुस्तक आलं. अ‍ॅटकिन्सन यांचा रिंग फेकायचा खेळ मला फार आवडतो. खुंटीपासून किती लांब उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. प्रेरणा जास्त असलेली माणसं अगदी जवळ उभी राहत नाहीत आणि फार लांबही जात नाहीत, मधलं अंतर घेतात. जमेल की नाही अशी शंका असते, तिथेच त्यांना मजा येते.

मॅक्लेलँड भारतातही आले. १९६४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या उद्योजकांना हैदराबादच्या संस्थेत नेऊन, 'मोठं स्वप्न बघा' छापाचं साधारण दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्याचं पुस्तक १९६९ चं. त्याच वर्षी प्रयाग मेहता यांचं हायस्कूलच्या मुलांच्या संपादन प्रेरणेवरचं काम एनसीईआरटीने छापलं. म्हणजे हा विषय आपल्याकडे काही नवा नाही.

आता गोची. चित्र आणि गोष्ट ही रीत वेळखाऊ, तपासायला माणसं शिकवावी लागतात. म्हणून प्रश्नावल्या आल्या, स्वस्त आणि पटकन होणाऱ्या. पण १९८९ मध्ये मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच लिहिलं की गोष्टीतून दिसणारी प्रेरणा आणि माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ती प्रेरणा, यांचा एकमेकींशी जेमतेम संबंध लागतो. दोन्हींना नाव एकच. तुमच्या शाळेने त्यातली दुसरी मोजली आणि मीटिंगमध्ये बोलले पहिलीबद्दल.

बाकी संध्याकाळी. ऑफिसात बॉस मागे उभा आहे.

उंटावरचाशहाणा | १५ सप्टेंबर, ११:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपली मुलं अभ्यास करतात, खांब उंच येतो. दुसऱ्यांचा येत नाही, तर लगेच प्रश्नावली वाईट? काटा खरं सांगतो तेव्हा काट्यालाच दोष द्यायचा ही फॅशन झालीय.

बे_एरियातली_आई | १५ सप्टेंबर, ११:५८

उंटराव, 'आपली' म्हणजे कोण? इथल्या 'एशियन' नावाच्या चौकोनात आपण, चिनी, फिलिपिनो, लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले ह्मोंग, सगळे कोंबलेत. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतर आपल्यापैकी बहुतेक जण आले तेच डिग्री आणि नोकरीच्या चाळणीतून. त्या चाळणीतून आलेल्यांची पोरं अभ्यास करतात यात वंशाचं काय कौतुक?

आता मुद्द्याचं. १९९९ चा एक प्रयोग आहे, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा. सात ते नऊ वर्षांची मुलं, सॅन फ्रान्सिस्कोतली. शब्दकोडी सोडवायची. काहींनी स्वतः निवडलेली, काहींना सांगितलं की ही तुझ्या आईने निवडलीत. गोरी मुलं स्वतः निवडलेल्या कोड्यांत रमली. आशियाई घरांतली मुलं आईने निवडलीत म्हटल्यावर जास्त रमली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेकाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे माझ्यावर वापरू नकोस."

म्हणजे 'मी माझी ध्येयं स्वतः ठरवतो' या वाक्याला माझा लेक २ देईल आणि तरी रात्री अकरापर्यंत रोबोटिक्सचं करत बसेल. त्याच्या २ चा अर्थ काय घ्यायचा?

आकडेमोड्या | १५ सप्टेंबर, २०:१५

उंटराव, काट्याचाच दाखला घेऊ. पूर्वी पायलीचं माप गावागणिक वेगळं असायचं. दोन गावांतले शेतकरी 'दहा पायल्या झाल्या' म्हणाले तर कुणाचं पीक जास्त ते कळायचं नाही. आपापल्या गावात मात्र ती पायली चोख. गेल्या वर्षी दहा, यंदा बारा, म्हणजे वाढलं.

या प्रश्नावल्यांचं हेच होतं. दोन गटांची तुलना करण्याआधी तीन गोष्टी तपासतात. दोन्हीकडे तीच वाक्यं त्याच कल्पनेभोवती गोळा होतात का? एक घर चढणं दोन्हीकडे सारखंच वजनदार आहे का? आणि शून्य एकाच जागी आहे का? तिसरी अट सगळ्यात कडक आणि बहुतेक ठिकाणी माशी तिथेच शिंकते. ती पार पडली नसेल तर सरासऱ्यांचे खांब शेजारी शेजारी काढणं म्हणजे दोन गावांच्या पायल्यांची बेरीज करणं. ओसरीताईंच्या शाळेने पहिली अट तरी तपासली का ते विचारा. उत्तर मला माहीत आहे.

गोल कुठे करायचा याच्याही सवयी असतात. १९९५ मध्ये चेन, ली आणि स्टीव्हनसन यांनी जपान, तैवान, अमेरिका आणि कॅनडातल्या अकरावीच्या मुलांची उत्तरं तपासली. जपानी आणि चिनी मुलं मधले आकडे जास्त घेतात, अमेरिकन टोकाचे. पण फरक छोटा होता, तेव्हा सगळं खापर त्यावर फोडू नका. उलट हुई आणि ट्रायंडिस यांना १९८९ मध्ये दिसलं की हिस्पॅनिक मंडळी पाच घरांच्या पट्टीवर टोकाला जातात, पण पट्टी दहा घरांची केली की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या डॉमिनिकन मुलाचा १ आणि मराठी मुलीचा ४ एकाच पट्टीवरचे आहेत असं मी तरी मानणार नाही.

राहिला 'ड्राइव्हच नाहीये'चा मुद्दा. १९९४ मध्ये सँड्रा ग्रॅहम यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या प्रेरणेवरचं तोपर्यंतचं संशोधन एकत्र वाचलं. प्रेरणा कमी, स्वतःबद्दल विश्वास कमी, हे ठरीव चित्र पुराव्यात टिकत नाही, असं त्यांना आढळलं. रोझलिन मिकेल्सन यांनी १९९० मध्ये आणखी नेमकं बोट ठेवलं. लॉस एंजेलिस परिसरातल्या बारावीच्या मुलांना दोन प्रकारची वाक्यं दिली. एक 'शिक्षणाने माणूस वर येतो' असं सुविचारवजा. दुसरं घरातल्या अनुभवाचं, म्हणजे 'माझे आईवडील शिकले तेवढं मोल त्यांना मिळालं का'. पहिल्या प्रकाराला कृष्णवर्णीय मुलंही जोरात हो म्हणतात, पण त्याचा मार्कांशी संबंध लागत नाही. लागतो तो दुसऱ्याचा.

उंटावरचाशहाणा | १५ सप्टेंबर, २०:४१

पायलीचं पटलं. बाकीचं अर्धं. पण मग तुलना करायचीच नाही का कधी?

आकडेमोड्या | १५ सप्टेंबर, २०:४९

करायची की. आधी पायली एक करून घ्या.

तोरणमाळचा_मास्तर | १६ सप्टेंबर, २२:३०

नेटवर्क आज आलं. उशिरा लिहितोय, पण हा धागा माझ्या काळजाचा आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत आहे. पोरं पावरा आणि भिल्ल. घरी पावरी, भिली, बाजारात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी. एमएडच्या लघुशोधप्रबंधाला मी हाच विषय घेतला होता. आपल्याकडे या विषयाला देव-मोहन यांची मापनी सर्रास वापरतात, १९८५ ची, आग्र्याहून मागवायची. पन्नास विधानं, 'नेहमी' ते 'कधीच नाही' अशी पाच घरं, जास्तीत जास्त २०० गुण. मार्गदर्शक म्हणाले प्रमाणित आहे, विश्वसनीयता-सप्रमाणता (पुन्हा घेतली तरी तेच येतं का आणि हवं तेच मोजते का) दिलेली आहे, डोळे मिटून वापरा. मी मिटले.

वापरायच्या आधी मीच काही विधानं तयार करून नववीच्या पोरांवर सराव घेतला, कागद कसा भरायचा ते कळावं म्हणून. त्यात एक विधान होतं, 'मला स्पर्धेत भाग घ्यायला आवडत नाही.' कबड्डीचा कॅप्टन, धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेलेला पोरगा, त्याने 'नेहमी' वर खूण केली. मला वाटलं चुकला. जवळ बसून विचारलं. तो म्हणाला, "सर, मला आवडत नाही असं 'कधीच नाही' म्हणायचं, तर ते 'कधीच आवडत नाही' असं होतंय ना? म्हणून मी नेहमी केलं."

मंडळी, वाचून बघा स्वतः. 'मला स्पर्धा आवडत नाही' आणि उत्तर 'कधीच नाही'. मराठीत 'कधीच' ला 'नाही' लागतंच. दोन नकारांचा आपल्याकडे होकार होत नाही, नकार आणखी घट्ट होतो. इंग्रजीतलं नकारार्थी विधान आणि 'नेव्हर' तसंच उचलून मराठीत आणलं की शहाणं पोर बरोबर उलटी खूण करतं आणि बावळट पोर काहीही खूण करून सुटतं. ही चूक पावरा पोरांची नाही, पुण्याच्या पोरांचीही होईल. फक्त पुण्यात मास्तर जवळ बसून विचारत नाही.

दुसरी गोष्ट. पेपर म्हटला की मास्तर तपासणार, हे पोरांना ठाऊक. पहिल्या बाकावरून 'नेहमी, नेहमी, नेहमी' सुरू झालं ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. बेरजा बघून कुणी म्हणेल की देशातली सगळ्यात महत्त्वाकांक्षी पोरं धडगाव तालुक्यात आहेत. आहेतही असतील, पण त्या कागदावरून ते कळलं नाही.

'ध्येय' शब्दालाही अडलं. फळ्यावर लिहून समजावलं. एक पोरगी म्हणाली, "म्हणजे पोलीस भरती?" खरं तर तिने माझ्यापेक्षा सोपं केलं.

खमंग_काकडी | १६ सप्टेंबर, २३:०२

मास्तर!! 'कधीच नाही'चं वाचून मी बँकेच्या फॉर्मवर आजवर काय काय खुणा केल्यात ते आठवायला लागलेय.

पाटीपेन्सिल | १७ सप्टेंबर, ०७:१५

मास्तर, मग प्रबंधात हे लिहिलंत का?

तोरणमाळचा_मास्तर | १७ सप्टेंबर, २१:५०

'मर्यादा' या मथळ्याखाली दोन ओळी. मार्गदर्शकांनी त्यातली एक काढली.

रानजाई | १८ सप्टेंबर, ००:२०

वाचनमात्र असते, आज लिहितेय. 'यश' म्हणजे काय, हे तरी सगळ्यांचं सारखं आहे का? रेखा अगरवाल आणि गिरीश्वर मिश्र यांनी १९८६ मध्ये भारतातल्या लोकांना विचारलं होतं की तुमच्या लेखी मिळवण्यासारखं काय आहे. चांगला माणूस होणं, कर्तव्य पार पाडणं, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं, हे त्यात होतं. तैवानच्या यू आणि यांग यांनी तर दोन वेगळ्या मापन्या केल्या. एक स्वतःच्या कसोटीवर उतरण्याची, दुसरी घरच्यांच्या अपेक्षेला उतरण्याची. १९७६ मध्ये रामिरेझ आणि प्राइस-विल्यम्स यांनी अमेरिकेतल्या तीन गटांच्या मुलांना गोष्टी सांगायला लावल्या, तर मेक्सिकन-अमेरिकन आणि कृष्णवर्णीय मुलांच्या गोष्टींत घरासाठी मिळवण्याचं सूत्र जास्त आलं आणि गोऱ्यांच्या गोष्टींत स्वतःसाठी. ओसरीताई, तुमचा दुकानातला मुलगा तिथे सापडेल.

पण एक शंका आहे. 'त्यांची प्रेरणा घरासाठी, आपली स्वतःसाठी' हेही एक लेबलच होणार. मी मुंबईत चाळीत वाढले, घरासाठीच नोकरी धरली, आणि स्वतःसाठी रात्री एमए केलं. मला कुठल्या खांबात घालाल?

गोटीसोडा | १८ सप्टेंबर, ०९:३०

ते 'ग्रिट'चं, म्हणजे चिकाटीचं, माप का नाही वापरत? छोटं आहे, सगळीकडे चालतं.

आकडेमोड्या | १८ सप्टेंबर, ०९:४४

ग्रिटचं माप काढणाऱ्या अँजेला डकवर्थ बाईच २०१६ मध्ये जाहीरपणे म्हणाल्या की असल्या गुणांवरून शाळांना मार्क देऊ नका. २०१५ मध्ये त्यांनी आणि डेव्हिड येगर यांनी कारणही सविस्तर लिहिलं. मूल स्वतःला मोजतं ते आजूबाजूच्यांशी ताडून. कडक शाळेत घातलं की मेहनत वाढते, पण शेजारी आणखी मेहनती बसलेला असतो, म्हणून स्वतःला देतं कमी गुण. ओसरीताईंनी हे समितीपुढे ठेवावं. घरचाच अहेर आहे.

आणि रानजाई, तुमच्या शंकेला माझ्याकडे सूत्र नाही. खांब गटाचे असतात, माणूस त्यात मावत नाही एवढंच.

एक उपाय सुचवतो, त्यानेही सगळं सुटत नाही. गॅरी किंग यांनी २००४ च्या सुमारास मांडला आणि पिसाच्या (देशोदेशीच्या शाळकरी मुलांची चाचणी) २०१२ च्या फेरीत वापरलाही गेला. स्वतःबद्दल विचारण्याआधी दोन-तीन काल्पनिक मुलांची चार ओळींची वर्णनं द्यायची आणि विचारायचं, ही मुलगी किती मेहनती? हा मुलगा किती? उत्तर देणाऱ्याची पायली केवढी आहे ते त्यातून कळतं. मग त्याचा स्वतःबद्दलचा आकडा त्या पायलीने वाचायचा.

ओसरी | १८ सप्टेंबर, २२:४०

हे करून बघते. सगळ्यांना धन्यवाद, एकेकाला वेगळं उत्तर देत नाही. पालकांची लेखी संमती घ्यावी लागेल, म्हणजे महिना गेला.

ओसरी | २१ नोव्हेंबर, २०:३०

धागा वर काढतेय.

समितीत आधी जुना आलेख भिंतीवर लावला आणि विचारलं, तीन अटी तपासल्या होत्या का? प्रश्नावली काढणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत सगळ्यांची मिळून एक विश्वसनीयता दिलीय, गटवार काहीच नाही. डकवर्थचं वाक्य मात्र चाललं, नाव ओळखीचं ना! आलेख काढून टाकायचं ठरलं, पण 'पुढच्या वर्षी चांगला आलेख काढू' या बोलीवर. मी सध्या तेवढ्यावर गप्प बसले.

काल्पनिक मुलांची तीन वर्णनं मी लिहिली आणि संमती आलेल्या मुलांना एकेकाला बसवून मोठ्याने वाचत कागद भरायला सांगितला. ज्याला अडेल त्याने तिथेच बोलायचं. पहिलं वर्णन असं: 'एक मुलगी रोज शाळेतून आल्यावर सलग तीन तास अभ्यास करते, कुणी उठवेपर्यंत उठत नाही.' ही सगळ्यात मेहनती ठरणार असं मी गृहीत धरलं होतं. मराठी मुलीने तिला ३ दिला, "तीनच तास?" म्हणून. हैतीच्या मुलीने ५ दिला. दुकानातल्या मुलाने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग तिच्या धाकट्या भावाला कोण सांभाळतं?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. तो म्हणाला, मग मी तिला आकडा कसा देऊ?

बे_एरियातली_आई | २१ नोव्हेंबर, २०:५२

बरोबर बोलला. ते वाक्य बदला.

ओसरी | २१ नोव्हेंबर, २१:०५

बदललं. आता ती भावाला झोपवून मग बसते. मराठी मुलीचा ३ तिथेच राहिला.

तोरणमाळचा_मास्तर | २३ नोव्हेंबर, २२:१५

ताई, तुमचा कागद मला निरोपातून पाठवा. मी इकडे आठवीवर वेगळं करून पाहिलं. नकारार्थी विधानं काढून टाकली आणि 'नेहमी, बऱ्याचदा' ऐवजी पाच घागरी काढल्या, रिकामीपासून काठोकाठ भरलेलीपर्यंत. जेवढी तुमची धडपड तेवढी भरलेली घागर निवडा. पोरांनी झटपट निवडल्या, मी खूश.

एका पोरीने मात्र प्रत्येक विधानाला चौथी घागर निवडली, काठापासून चार बोटं कमी भरलेली. अभ्यासात एक नंबर, म्हणून विचारलं, पाचवी का नाही एकदाही?

म्हणाली, "सर, ती डोक्यावर घेऊन डोंगर चढता येत नाही. सांडते."